तारुण्य, वेग आणि विवेक

शिक्षण पूर्ण करून नुकताच चांगल्या नोकरीस लागलेला, पंचविशी ओलांडलेला एखादा तरुण विचारतो, "वेगवान, देखणी स्पोर्ट्स कार आता घ्यावयाची नाही, तर केव्हा? साठाव्या वर्षी पैसा असेल, पण उत्साह राहील काय?" वडीलधारी मंडळी या इच्छेला उधळेपणा म्हणून मोकळी होतात, मित्रमंडळी 'आयुष्य एकदाच मिळते' असे म्हणून मोकळी होतात. दोन्ही उत्तरांत विचाराचा आळस आहे. प्रश्न विचारणारा प्रामाणिक असेल, तर त्याला याहून चांगले उत्तर मिळाले पाहिजे. म्हणून प्रस्तुत पाठात आपण वस्तूचे मोल, इच्छेचे स्वरूप आणि निर्णयाची रीत अशा तीन अंगांनी या प्रश्नाचा विचार करू.

१. वस्तूचे मोल

प्रथम तरुणाची बाजू न्यायाने मांडू. उत्तम यंत्राचे सौंदर्य ओळखणे व ते कौशल्याने चालविणे यांत स्वतः काही दोष नाही. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने 'मस्टँग' ही मोटार लोकांपुढे आणली, ती तरुण ग्राहक डोळ्यांपुढे ठेवूनच. तिची किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत असे आणि पहिल्या बारा महिन्यांत अशा चार लक्षांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. परंतु त्याच नावाची मोटार २०१६ मध्ये भारतात विक्रीस आली, तेव्हा तिची किंमत सुमारे ६५ लक्ष रुपये होती. तेथे जी साध्या पगारदाराच्या आटोक्यात होती, ती येथे श्रीमंतांची वस्तू ठरली. परदेशातील चित्रे पाहून उपजलेली इच्छा स्वदेशातील हिशेबावर घासून पाहिली पाहिजे, ती यासाठी.

आता हिशेब करू. समजा, गाडीची दुकानातील किंमत ५० लक्ष रुपये आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या अशा गाडीवर महाराष्ट्रात १३ टक्के दराने साडेसहा लक्ष रुपये वाहनकर पडतो. कर्नाटकात १८ टक्के दराने तो नऊ लक्षांवर जातो. तरुणाने पदरचे १० लक्ष व हा कर भरला आणि उरलेले ४० लक्ष शेकडा ९ व्याजाने सात वर्षांच्या मुदतीवर काढले, तर दरमहा सुमारे ६४,३५० रुपयांचा हप्ता येतो. सात वर्षांत व्याजच १४ लक्ष रुपये होते. हाती दरमहा दीड लक्ष पडत असले, तरी त्यातील दोन-पंचमांशांहून अधिक रक्कम हप्त्यात जाईल. विमा, पेट्रोल, टायर व दुरुस्ती यांचा खर्च निराळाच.

इकडे गाडीचे मोल मात्र उतरत जाते. विम्यासाठी रूढ असलेल्या घसाऱ्याच्या कोष्टकाप्रमाणे दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के मूल्य वजा धरले जाते. म्हणजे पाचव्या वर्षाअखेर ५० लक्षांची गाडी विम्याच्या दृष्टीने २५ लक्षांची उरते, आणि कर्जापैकी सुमारे १४ लक्ष रुपये तेव्हाही फेडावयाचे असतात. उलट, पदरचे १० लक्ष शेकडा ७ चक्रवाढीने चौतीस वर्षे राहिले, तर ते सुमारे दहापट होतात. महागाईमुळे त्या रकमेची क्रयशक्ती पुष्कळ कमी होईल हे खरे. तरीही ती वाढणारी वस्तू आहे, ही झिजणारी.

परंतु या व्यवहारातील सर्वांत मोठी किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. सात वर्षांचे कर्ज म्हणजे सात वर्षांचे पुढील श्रम आजच विकणे होय. वरिष्ठाने अयोग्य काम सांगितले, तर 'नाही' म्हणता येईल काय? वडील आजारी पडले, तर दोन महिने बिनपगारी रजा घेता येईल काय? तारुण्याचे खरे धन मोकळेपण हे आहे. तारुण्य उपभोगावयाचे म्हणून घेतलेली वस्तूच तारुण्य गहाण टाकीत असेल, तर तो उपभोग कसला?

२. इच्छेचे स्वरूप

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना आणि पुढे बुद्धीचा नाश, अशी परंपरा दाखविली आहे. रात्री-अपरात्री त्याच गाडीची चित्रे पाहत बसणारा तरुण या परंपरेच्या पहिल्याच पायरीवर उभा असतो. तेव्हा गाडी घेऊ नये, एवढे सांगून भागेल काय? नाही. तिसऱ्या अध्यायात, इंद्रिये आवरून मनाने विषयांचेच स्मरण करीत बसणाऱ्यास मिथ्याचारी म्हटले आहे. गाडी घेतली नाही, पण शेजाऱ्याची गाडी पाहून रोज मन जळते, अशा स्थितीला संयम म्हणता येणार नाही. इच्छा दडपावयाची नसून तपासावयाची आहे.

तपासाची कसोटी सोपी आहे. पहाटे, कोणीही पाहत नसताना, रिकाम्या रस्त्यावर ती गाडी चालविण्यात आपल्याला तेवढाच आनंद वाटेल काय? उत्तर 'नाही' असे आले, तर हवी होती ती गाडी नव्हे, लोकांची नजर. आणि ती नजर महिन्याभरात दुसरीकडे वळते. उत्तर 'होय' असे आले, तर आवड खरी आहे. मात्र वेगाचे स्थान सार्वजनिक रस्ता नव्हे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात त्याहून कमी. ज्याला वेगाचीच गोडी आहे, त्याच्यासाठी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टई येथे व कोइमतूर येथे शर्यतीच्या धावपट्ट्या आहेत. तेथे रीतसर शिक्षण घेण्यास गाडीच्या किमतीचा अल्पसा अंशही लागत नाही, आणि दुसऱ्याच्या जिवासही धोका पोचत नाही.

३. निर्णयाची रीत

ज्याने आईवडिलांचे उत्तरदायित्व पार पाडले आहे, ज्याच्यावर शिक्षणाचे कर्ज नाही, अडीअडचणीची शिल्लक वेगळी ठेवूनही जो बहुतेक किंमत रोख देऊ शकतो, आणि गाडीला ओरखडा पडला म्हणून ज्याची झोप उडणार नाही, त्याने ती खुशाल घ्यावी आणि मनात अपराध न बाळगता चालवावी.

इतरांनी एक वर्षाचे व्रत करावे. गाडी घेतली आहे असे समजून हप्त्याची पूर्ण रक्कम दरमहा बाजूला टाकावी. ती टाकताना कोणाची औषधे, कोणाची फी, कोणते कर्तव्य मागे पडते, ते पाहावे. तिसऱ्या महिन्यातच ओढाताण होऊ लागली, तर उत्तर मिळाले, आणि तेही गाडी विकण्याचा तोटा न सोसता. वर्ष सहज पार पडले, तर हाती पावणेआठ लक्षांच्या जवळपास रक्कम असेल. तेव्हाही इच्छा कायम असेल, तर कर्ज तितके कमी काढावे लागेल. इच्छा विरली असेल, तर रक्कम आपलीच आहे. दोन्ही बाजूंनी तरुणाचा लाभच आहे.

अठराव्या अध्यायात सुखाचे भेद सांगताना आरंभ आणि परिणाम या दोहोंकडे पाहावयास शिकविले आहे. दुकानदार आपल्याला केवळ आरंभ दाखवितो. परिणाम पाहण्याचे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

मननासाठी

१. माझी ही इच्छा कोणी पाहत नसतानाही टिकते काय?
२. या वस्तूसाठी माझ्याशिवाय आणखी कोणाला झीज सोसावी लागेल?
३. ती उद्या हातची गेली, तर माझे काय उरेल?