ग्रेफ्रायर्स मंदिर व त्याचा परिसर
अभ्यासपाठ

शास्त्रभाग : मत्तय 5:10-12, रोमकरांस पत्र 14:4-5.

स्कॉटलंडची राजधानी जें एडिंबरो शहर, त्याच्या जुन्या वस्तींत ग्रेफ्रायर्स नांवाचें प्रेस्बिटेरियन मंदिर आहे. राखी झगा घालणाऱ्या फ्रान्सिस्कन बैराग्यांचा मठ पूर्वीं तेथें होता, त्यावरून हें नांव पडलें. 1562 सालीं मेरी राणीनें ही जागा शहराच्या कबरस्थानाकरितां दिली, आणि 1620 सालीं तेथें मंदिर उघडलें. शेजारींच हेरियट शाळेची भव्य इमारत आहे. जॉर्ज हेरियट नामक सोनारानें पोरक्या मुलांकरितां ठेविलेल्या धनांतून 1628 सालीं तिचें बांधकाम सुरू झालें. येणारे प्रवासी बहुधा दारापाशीं असलेला बॉबी कुत्र्याचा पुतळा पाहतात. परंतु शिकण्याजोगी गोष्ट आवाराच्या आंत आहे.

मंडळीचा कारभार बिशपानें नव्हे, तर पाळक व वडील ह्यांच्या सभेनें चालवावा, हें प्रेस्बिटेरियन मत होय. मुंबईस 1829 सालीं आलेले डॉ. जॉन विल्सन ह्यांचें शिक्षण एडिंबरोसच झालें होतें. तेव्हां ही हकीकत आपणांस अगदींच परकी नाहीं.

करार. पहिला चार्ल्स राजा ह्यानें 1637 सालीं स्कॉटलंडच्या मंडळ्यांवर नवें प्रार्थनापुस्तक लादलें. ग्रेफ्रायर्सपासून थोड्याच अंतरावर, हाय स्ट्रीट ह्या हमरस्त्यावर, सेंट जाइल्स मंदिर आहे. तेथें 23 जुलै रोजीं तें पुस्तक वाचूं लागतांच मोठा दंगा झाला. जेनी गेडिस नांवाच्या बाईनें आपलें स्टूल वाचणाऱ्यावर फेंकलें, अशी आख्यायिका आहे. पुढें 28 फेब्रुवारी 1638 रोजीं ग्रेफ्रायर्स मंदिरांत ‘राष्ट्रीय करार’ मांडण्यांत आला. राजाशीं निष्ठा राखूं, परंतु उपासनेंत त्यानें केलेले फेरफार स्वीकारणार नाहीं, असा त्याचा आशय होता. प्रथम उमरावांनीं व मागून पाळकांनीं आणि सामान्य लोकांनीं सह्या केल्या; नकला गांवोगांवीं गेल्या.

छळ. दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर बिशपांची सत्ता पुन्हा स्थापन झाली, व करार पाळणाऱ्यांचा छळ सुरू झाला. त्यांतील कित्येकांनीं शस्त्र धरिलें. 22 जून 1679 रोजीं बॉथवेल पुलाच्या लढाईंत त्यांचा मोड झाला. सुमारें 1,200 कैदी आणून मंदिरालगतच्या उघड्या मैदानांत कोंडिले. पुन्हा शस्त्र न धरण्याचें वचन ज्यांनीं लिहून दिलें, त्यांस सोडण्यांत आलें. शेवटीं राहिलेल्यांपैकीं सुमारें 250 जणांस गलबतावर चढविलें. तें ऑर्कने बेटांजवळ फुटलें व बहुतेक सर्व बुडाले. मंदिराच्या खालच्या अंगास ग्रासमार्केट नांवाचा बाजारचौक आहे. तेथें पुष्कळांस फांशीं दिलें. त्या जागीं 1937 सालीं स्मारक झालें.

हे खटले सरकारतर्फे चालविणारा सर जॉर्ज मॅकेंझी 1691 सालीं मरण पावला. त्याची कबर ग्रेफ्रायर्सच्याच आवारांत आहे, आणि छळ सोसून मेलेल्यांचें स्मारकही तेथेंच आहे.

बोध. येथें एक गोष्ट झांकूं नये. करार करणाऱ्यांच्या हातीं सत्ता आली, तेव्हां 1640 सालीं पार्लमेंटानें त्या करारावर सही करणें सक्तीचें केलें. जी सही मनापासून झाली तीच मोलाची. धाक घालून घेतलेली सही म्हणजे कागदावरची शाई. राजानें जबरदस्ती केली ती जशी अन्यायाची, तशीच मंडळीनें केलेलीही. बंधूंनो, आपल्या गांवीं कोणाचें नांव मंडळीच्या वहींत लिहितां, तेव्हां तो आपल्या मनानें आला आहे कीं जमातीच्या अथवा घरच्यांच्या भिडेनें, हें शांतपणें विचारून घ्या. आणि जो अद्याप आला नाहीं, त्याजवर दडपण आणूं नका.

विचारावयाचे प्रश्न :

1. लोकांनीं राजाचें प्रार्थनापुस्तक कां नाकारिलें?
2. 1638 ची सही व 1640 नंतरची सही ह्यांत भेद कोणता?
3. शेजाऱ्याच्या मनावर आपण कोठें दडपण आणितों?