मोबाइलचे दर आणि अल्पाधिकार

अल्पाधिकार शिकवताना सहसा सिमेंट किंवा मोटारींचे उदाहरण दिले जाते. माझ्या मते त्याहून जवळचे उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून येणारे फोन मोफत झाले आणि गरिबाच्या हाती मोबाइल आला. 'मिस्ड कॉल' ही त्याचीच युक्ती! पुढे कंपन्यांची गर्दी वाढली. २००९ मध्ये सेकंदाचा हिशेब आला, २०११ मध्ये क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि दर इतके कोसळले की लहान कंपन्या टिकल्याच नाहीत. २०१८ साली व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. उरल्या तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल.

स्पर्धेने दर उतरवले, तिनेच स्पर्धक संपवले. जून २०२४ च्या अखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दरवाढ जाहीर केली. यासाठी संगनमत लागतेच असे नाही. विक्रेते तीनच असले की प्रत्येकाचे डोळे दुसऱ्याकडे असतात. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, तेव्हा पुढील काही महिने ग्राहक तिकडे वळले. पण जिथे तिचा टॉवरच नाही, तिथला ग्राहक कुठे वळणार? कॅनडातही रॉजर्स, बेल व टेलस या तिघांचे वर्चस्व आहे. मात्र क्वेबेकसारख्या प्रांतात, जिथे चौथा स्पर्धक जोमदार आहे, तिथे दर कमी असल्याचे तिथल्या स्पर्धा नियामकाला आढळले.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दरवर्षी अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांजवळ, आईबाप फडावर. या घरांना इंटरनेट नको असते, फोन चालू हवा असतो. २०१८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली, म्हणजे 'मोफत' येणारा फोनही विकत झाला. तेव्हा एअरटेलचा किमान रिचार्ज २८ दिवसांना ३५ रुपये होता. जुलै २०२४ मध्ये तो १९९ झाला. त्यात अमर्याद बोलणे आणि थोडा डेटा मिळतो हे खरे, पण ज्याला फक्त फोन घ्यायचा आहे त्याला ते मागितल्यावाचून मिळालेले आहे. शिवाय महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये.

डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, केवळ बोलणे व संदेश यांचे वेगळे व्हाउचर देणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्यानुसार जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचे वर्षभराचे व्हाउचर १,८४९ रुपयांना आले. सातशेहून अधिक रुपये वाचतात, पण ते एकरकमी भरावे लागतात. चहाची पुडी रोज आणणाऱ्याला किलोचा भाव कधीच मिळत नाही, तसेच हे. ऊसतोड कुटुंबाच्या हाती एकदम पैसा येतो तो हंगामाआधीच्या उचलीच्या वेळी. व्हाउचर घ्यायचे तर तेव्हाच. गावातल्या दुकानदाराकडे मी चौकशी केली; असे व्हाउचर अजून कुणी मागितलेच नाही, असे तो म्हणाला.