गावाला ठाऊक, लेकराला नाही

समाजकार्यकर्ती म्हणून दत्तक कुटुंबांच्या गृहभेटींसाठी मी मुळशी तालुक्यात फिरते. हिंजवडीच्या सोसायटीत बाळ कुठून आलं हे शेजारी विचारतही नाहीत. ताम्हिणीकडच्या वाडीत मात्र डोहाळजेवण नाही, बाळंतपण नाही आणि एकदम बारसंच, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दोन्हीकडचे आईबाप सांगतात मात्र एकच, "ताई, मोठा झाला की सांगू."

हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. एका घरचा मुलगा चौथीत होता. भावकीतल्या लग्नात पोरांची भांडणं झाली आणि चुलतभाऊ बोलून गेला, "तू आमचा नाहीसच, तुला पुण्याच्या आश्रमातून आणलंय." घरी विचारल्यावर आई रडायला लागली, वडील म्हणाले, "खोटं बोलतोय तो." पोरगा जेवेना, शाळेत कुणाशी बोलेना. मी गेले तेव्हा त्याने मला विचारलं, "गावात कुणाकुणाला माहीत होतं?" आजीला, गुरुजींना, दुकानदाराला, सगळ्यांना. पोटचा नाही हे तो हळूहळू पचवू शकला; आईबापांच्या शब्दावर त्याचा भरवसा बसायला मात्र फार काळ गेला.

नियमाप्रमाणे दत्तकानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. त्या काळात वजन, लशी, झोप याच गोष्टी बोलल्या जातात. "मी तुझ्या पोटात होतो का?" हा प्रश्न येतो चौथ्या-पाचव्या वर्षी, तेव्हा आमच्या भेटी संपलेल्या असतात. म्हणून बाळ पाळण्यात असतानाच त्याला त्याची गोष्ट सांगायला लागा. त्याला कळणार नाही, पण तुमची जीभ सरावेल. त्या गोष्टीत जन्मदात्या आईबद्दल "टाकून दिलं" असं कधी म्हणू नका. कित्येक आया बालकल्याण समितीपुढे रीतसर बाळ सोपवतात. फेरविचाराला त्यांना ६० दिवस असतात. ते दिवस त्या कशा काढत असतील, याचा विचार करूनच बोला.

आणि मुलाला सांगितलंय, हे आजी-आजोबांना, भावकीला, वर्गशिक्षकांनाही कळवा. शिक्षकांना अशासाठी, की जन्माच्या वेळचा फोटो आणायला शाळा सहज सांगते.

सरकारच्या बालसंगोपन योजनेतल्या घरांचं वेगळं. मूल आजीकडे, मावशीकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात असतं, पुष्कळदा आई हयात असते. महिन्याला २,२५० रुपये मिळतात म्हणून "पैशासाठी सांभाळतात" असं लोक बोलतात, आणि ते मुलाच्या कानावर जातं. वह्या, चप्पल, औषध, काय आणलं ते त्याला दाखवा. आईचा फोन आला तर त्याच्या हातात द्या.

दत्तक मुलाला १८ वर्षांनंतर स्वतःच्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी तुमच्यासोबत. त्यामुळे संस्थेचे कागद आणि पहिले फोटो जपून ठेवा, मागितले की दाखवा. बोलणं जमत नसेल, तर जिथून बाळ घरी आणलं, मग ते पुण्याच्या ससून रुग्णालयातलं श्रीवत्स असो की भारतीय समाज सेवा केंद्र, तिथल्या ताईंना फोन करा. पाठपुराव्याची दोन वर्षं उलटून गेली असली तरी करा.