ताम्रपटांतील पूर्वज

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, अक्कलकुवा तालुक्यात, खापर हे गाव आहे. येथून गुजरातेत सागबाऱ्याकडे वाट जाते. महाशिवरात्रीच्या सुमारास देवमोगरा येथील याहामोगी मातेच्या यात्रेसाठी या भागातून हजारो आदिवासी भाविक निघतात. त्यांच्या गीतांत व कथांत राजा पांठा याचे नाव येते. दाब हे त्याचे ठिकाण मानले जाते. या राजाचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुखातच त्याचे राज्य आहे. नंदुरबार नगर नंद नावाच्या गवळी राजाने वसविले, अशीही एक आख्यायिका सांगतात. आपल्या आरंभी कोणीतरी थोर पुरुष होता, असे मानण्याची माणसाची ओढ फार जुनी आहे.

हीच ओढ राजवाड्यातही होती. फरक एवढाच की, राजवाड्यातील कथा तांब्याच्या पत्र्यावर कोरली जाई, तिच्याखाली राजाची मुद्रा उमटे आणि मग ती कथा न राहता पुरावा होऊन बसे.

देवगिरीच्या यादवांचेच उदाहरण घ्यावे. हे राजे स्वतःस ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ म्हणवीत. द्वारावती म्हणजे द्वारका. ती नगरी त्यांच्या ताब्यात कधीच नव्हती. तरीही हे बिरुद त्यांनी अभिमानाने मिरविले, कारण श्रीकृष्णाचा यदुवंश तोच आपला वंश, असा त्यांचा दावा होता. महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी हेमाद्री नावाचा विद्वान मंत्री होता. त्याने तेराव्या शतकात आपल्या ग्रंथात या घराण्याची प्रशस्ती लिहिली. ती चंद्रापासून सुरू होते! पुराणांतील राजांची नावे ओलांडीत ती सुबाहू नावाच्या सार्वभौम राजापर्यंत येते. सुबाहूने आपले राज्य चार पुत्रांत वाटले आणि दृढप्रहार या दुसऱ्या पुत्राच्या वाट्यास दक्षिण आली, असे हेमाद्री सांगतो.

दृढप्रहारापासून मात्र जमीन पायाखाली लागते. तो नवव्या शतकाच्या मध्यास होऊन गेला असावा. त्याचा पुत्र सेउणचंद्र याने सेउणपूर वसविले आणि त्याच्या नावावरून या मुलखास सेउणदेश म्हणू लागले. याच वंशातील पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीस राजधानी केली. हा सर्व भाग निरनिराळ्या लेखांशी पडताळून पाहता येतो. चंद्रापासून सुबाहूपर्यंतचा भाग कशाशीच पडताळता येत नाही.

पडताळणीतच खरी गंमत आहे. वसई येथे सापडलेला १०६९ सालचा एक यादव ताम्रपट हेमाद्रीहून सुमारे दोनशे वर्षांनी जुना आहे. त्यात दृढप्रहाराचा संबंध चंद्रादित्यपुराशी जोडला आहे. हे नगर म्हणजे नाशिक जिल्ह्यातील चांदवड असावे, असे विद्वान मानतात. हेमाद्री मात्र त्याची राजधानी श्रीनगर असल्याचे लिहितो. एकाच पुरुषाच्या दोन राजधान्या! आणि तिसरी हकीकत आणखीच वेगळी आहे. चौदाव्या शतकातील जिनप्रभसूरी या जैन ग्रंथकाराने नाशिक तीर्थाचे वर्णन करताना दृढप्रहाराची कथा दिली आहे. द्वारकेचा नाश झाला तेव्हा तेथून निसटलेल्या एका गर्भवती स्त्रीचा हा पुत्र. तो मोठा शूर निघाला. एकदा चोरांनी लोकांची गुरे पळविली, ती त्याने एकट्याच्या बळावर सोडवून आणली. तेव्हा लोकांनी त्यास नगराचा रक्षक नेमले.

द्वारकेची आठवण याही कथेत आहेच. परंतु येथे राज्य वाटणीत मिळालेले नाही, गुरे राखून मिळालेले आहे. राजदरबारातील कवीला ही गोष्ट लिहिणे शोभले नसते. आज वाचणाऱ्यास मात्र तिन्हींमध्ये हीच अधिक पटण्यासारखी वाटते. नवव्या शतकात डोंगराळ मुलखात सत्ता उभी राहत होती, ती बहुधा अशाच माणसांच्या हातांनी.

मग चंद्रापर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? ज्याचा आजा कालपर्यंत एका गावचा रक्षक होता, त्याची आज्ञा शेजारच्या दहा जुन्या घराण्यांनी का मानावी? तलवारीने ती मानविता येते, पण तलवार रोज उपसून चालत नाही. वंश मोठा ठरला की आज्ञा आपोआप जड होते. शिवाय दान घेणाऱ्यासही दाता थोर कुळातला असावा असे वाटे. कारण त्याने दिलेली जमीन पुढच्या राजांनी हिरावून घेऊ नये, ही त्याची चिंता असे. कवीने लिहिले, राजाने मुद्रा केली, दान घेणाऱ्याने ताम्रपट जपून ठेवला. तिघांचाही त्यात लाभ होता. यास केवळ लबाडी म्हणणे बरोबर होणार नाही. दोन-तीन पिढ्यांनंतर खुद्द राजासही ते खरेच वाटत असले पाहिजे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीसही रामचंद्र यादवाचा उल्लेख यदुवंशीय राजा म्हणूनच आला आहे.

वंशावळ जुनी होत जाते तशी ती मागच्या बाजूने वाढते, हा आणखी एक चमत्कार. बदामीचे चालुक्य आपल्या लेखांत स्वतःस मानव्य गोत्राचे व हारीतीचे पुत्र एवढेच म्हणत. पुढे कल्याणीच्या चालुक्यांपैकी पाचवा विक्रमादित्य याच्या १००९ मधील ताम्रपटात मात्र या घराण्याच्या ५९ राजांनी अयोध्येत राज्य केल्याचे सांगितले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांना जे ठाऊक नव्हते, ते वंशजांना ठाऊक झाले! कोकण व कोल्हापूरचे शिलाहार तर गरुडापुढे स्वतःचा देह अर्पण करणाऱ्या जीमूतवाहन विद्याधराचे वंशज म्हणवीत. खानदेशात १३८२ पासून १६०१ पर्यंत राज्य करणारे फारुकी सुलतान आपले मूळ खलिफा उमर यांच्यापर्यंत नेत. दूर इंग्लंडातही वेसेक्सच्या राजांची वंशावळ प्रथम वोडन देवापर्यंत, आणि तेवढ्यानेही समाधान न झाल्याने पुढे थेट आदमापर्यंत नेण्यात आली.

चाळीसगावजवळ पाटण या ठिकाणी शके ११२८ चा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. या भागावर तेव्हा यादवांचे मांडलिक निकुंभ राज्य करीत. लेखात सोइदेव व हेमाडिदेव या निकुंभ बंधूंचा वंश सूर्यापासून सांगितला आहे. पण त्याच दगडावर आणखी एक वंशावळ आहे. ती एका पंडित घराण्याची. त्रिविक्रम, त्याचा पुत्र भास्करभट्ट, अशी ती सुरू होते आणि महेश्वरापर्यंत येते. महेश्वराचा पुत्र म्हणजे ‘लीलावती’ हा गणितग्रंथ लिहिणारे भास्कराचार्य. त्यांचा नातू चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी येथे मठ स्थापिला; त्यासाठी निकुंभांनी दिलेल्या देणग्यांची नोंद या दगडावर आहे, आणि तिचा काही भाग तत्कालीन मराठीत आहे. या दुसऱ्या वंशावळीत सूर्यही नाही, चंद्रही नाही. कोणी काय शिकला आणि कोणास शिकविले, एवढेच तीत सांगितले आहे.