सणाच्या आदल्या रात्रीचं इटली

इटलीतलं जुनं गाव फोटोत चांगलं दिसतंच. सान जिमिन्यानोचे मध्ययुगीन मनोरे असोत की झिजत चाललेल्या कड्यावर टेकलेलं चिविता दी बान्योरेज्जो, कॅमेरा कुठूनही धरला तरी चित्र तयार असतं. पण त्या दगडी गल्ल्यांत माणसं शेकडो वर्षं एकच सण त्याच हट्टाने का करत आली आहेत, हे फोटोत उतरायला हवं असेल तर तयारी वेगळी लागते. उंब्रिया, टस्कनी आणि अब्रुत्सो या तीन प्रांतांत मी सणांच्या निमित्ताने फिरले. तिथे जे शिकले ते इथे मांडते आहे. बाकीचे मुद्दे पुढेमागे झाले तरी चालेल. पहिला मात्र पहिलाच.

१. सणाच्या आदल्या रात्री गावात असा.

स्पेल्लो हे उंब्रियातलं सुबासिओ डोंगराच्या उतारावरचं गुलाबी-पांढऱ्या दगडाचं छोटं गाव. कॉर्पस ख्रिस्तीच्या सणाला इथल्या रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. याला इन्फिओराता म्हणतात. इटलीत हा सण रविवारी असतो आणि त्याची तारीख ईस्टरवरून ठरते, म्हणून दर वर्षी ती मे-जूनमध्ये मागेपुढे सरकते. रविवारी सकाळी बिशपांची मिरवणूक त्या गालिच्यांवरून चालत जाते आणि रात्रभराचं काम पायाखाली जातं. त्याच सकाळी गाडीतून उतरणाऱ्याला पुरा झालेला गालिचा दिसतो, तोही लोकांच्या खांद्यांवरून डोकावून.

खरं काम शनिवारी दुपारी सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वाऱ्याने पाकळ्या उडू नयेत म्हणून रस्त्यावर मांडव घातलेले असतात, आत दिवे टांगलेले असतात आणि गुडघे टेकून बसलेली माणसं रेषेवर रेष भरत असतात. कृत्रिम रंग वापरायचा नाही, जे काही असेल ते झाडाझुडपांचंच, हा नियम कडक आहे. पिवळ्यासाठी डोंगरावर फुलणारी जिनेस्त्रा, हिरव्यासाठी रानबडीशेप. त्याआधी कित्येक दिवस घराघरांतल्या तळमजल्यांवर बायका फुलं निवडत बसलेल्या असतात. मला लहानपणापासून रांगोळीची सवय, त्यामुळे माझी नजर आधी त्यांच्या चिमटीकडे गेली. पाकळी किती उंचीवरून सोडायची, कडेला बोट कसं आडवं धरायचं, हे त्या हातांना पाठ होतं. एका आजींनी माझ्यापुढे टोपली सरकवली आणि देठ कसे काढायचे ते दाखवलं. कॅमेरा पिशवीत ठेवून मी बराच वेळ तेच केलं. त्यानंतर मी फोटो काढायला लागले तेव्हा कुणी मान वर करून पाहिलंही नाही.

उजाडताना मांडव उतरवतात. तेवढा वेळ तुमच्या हातून निसटू देऊ नका. आकाश निळं असतं, दिवे अजून पेटलेले असतात आणि रात्रभर वाकलेली माणसं पहिल्यांदाच उभी राहून आपलं अख्खं चित्र पाहतात. त्यांचे चेहरे टिपा. गालिच्याचा फोटो दिवसभर कुणीही काढू शकतं.

२. सणाचा नियम समजला की कुठे उभं राहायचं ते समजतं.

गुब्बिओला १५ मे रोजी, संत उबाल्दोंच्या सणाच्या पूर्वसंध्येला, चेरींची धाव असते. चेरी म्हणजे लाकडाचे तीन अवजड खांब. उंची सुमारे ४ मीटर, प्रत्येकाचं वजन ३०० किलोच्या आसपास, आणि वर एकेका संताची छोटी मूर्ती: उबाल्दो, जॉर्ज आणि अँथनी. पिवळ्या, निळ्या आणि काळ्या सदऱ्यांतली माणसं हे खांब खांद्यावर घेऊन गावातून धावतात आणि शेवटी इंजिनो डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत चढतात. उंब्रिया प्रांताच्या झेंड्यावर हेच तीन खांब आहेत.

या धावेत कुणी कुणाला मागे टाकत नाही. उबाल्दो पुढे, मग जॉर्ज, मग अँथनी, हा क्रम कधीच बदलत नाही. हे माहीत नसलेला फोटोग्राफर शेवटच्या टप्प्यावर विजेत्याची वाट बघत थांबतो. गुब्बिओकरांचं लक्ष असतं ते खांब डगमगला का, पडला का आणि खांदेकऱ्यांची अदलाबदल धावता धावता सफाईने झाली का, याकडे. फोटोही तिथेच आहे: खांद्याखाली खांदा घालणाऱ्या माणसाच्या मानेवरच्या शिरांत.

दुपारी पियाझ्झा ग्रांदेमध्ये खांब उभे करतात तेव्हा त्यांच्यावर पाणी ओतून रंगवलेले मातीचे कुंभ गर्दीत भिरकावले जातात. त्यांची खापरं शुभ मानतात, ती मिळवायला झुंबड उडते. त्या झुंबडीपासून दूर, पायऱ्यांवर उंच जागा धरा. धाव सुरू झाल्यावर मात्र अरुंद गल्लीत थांबू नका. खांब वळणावर कुठे झुकेल याचा नेम नसतो. मला सर्वांत आवडते ती रात्रीची वेळ. खांब वर देवळात राहतात आणि संतांच्या मूर्ती मशालींच्या उजेडात, गाणी म्हणत खाली आणतात.

३. दीड मिनिटाच्या मागे लागू नका.

सिएनाचा पालिओ २ जुलै आणि १६ ऑगस्टला होतो. शहरातल्या १७ कोंत्रादांपैकी, म्हणजे पिढीजात वस्त्यांपैकी, एका वेळी १० घोडे उतरतात. पियाझ्झा देल काम्पोभोवती मातीचा थर घालून केलेल्या वाटेवर तीन फेऱ्या, खोगिराविना. सारं दीड मिनिटाच्या आत-बाहेर संपतं. स्वार पडला तरी एकटा घोडा आधी पोहोचला तर तो जिंकतो. चौकाच्या मध्यभागी उभं राहणं फुकट असलं तरी तासन्‌तास उन्हात कोंडून घ्यावं लागतं आणि शेवटी समोरच्याच्या उंचावलेल्या हातापलीकडे फारसं दिसत नाही.

चिठ्ठ्या टाकून घोडे वाटतात ते आधीच्या दिवसांत, २९ जूनला आणि १३ ऑगस्टला. नकोसा घोडा वाट्याला आलेल्या वस्तीतली माणसं तोंड पाडून घरी जातात, हवा तो मिळालेल्यांचे डोळे भरून येतात. मग रोज सराव-शर्यती, आणि आदल्या रात्री वस्तीच्या रस्त्यावर लांबच लांब टेबलं मांडून सगळ्यांचं जेवण. इथे मन लावून फोटो काढा. शर्यतीच्या दिवशी घोड्याला वस्तीच्या चर्चमध्ये आशीर्वाद द्यायला आणतात, तेव्हा मात्र कॅमेरा खाली असलेला बरा. घोडा बुजू नये म्हणून सगळे श्वास रोखून उभे असतात. आणि गळ्यात शोभेसाठी कुठल्याही वस्तीचा रुमाल बांधू नका. ओका आणि तोर्रे या वस्त्यांचं वैर जुनं आहे, आणि त्यांच्या लेखी तो रुमाल म्हणजे जन्माची ओळख.

४. दुपारचं ऊन वाया घालवू नका.

पुस्तकं सांगतात, सकाळ-संध्याकाळ फोटो काढा, दुपारी झोपा. मोकळ्या माळावर ते बरोबर आहे. मध्ययुगीन गल्ली इतकी चिंचोळी असते की सूर्य तिच्या तळाशी भर दुपारीच, तोही थोडा वेळ पोहोचतो. समोरच्या भिंतीवर ऊन पडलं की विटांचा, गेरूचा तांबूस उजेड सावलीतल्या दारात परत येतो. त्या दारात बसलेल्या माणसाचा चेहरा इतका मऊ उजळतो की वेगळा दिवा लागत नाही. दुकानं साधारण एक ते चार बंद असतात, त्यामुळे गल्लीही रिकामी मिळते. संध्याकाळही आपल्याकडच्यापेक्षा लांब. सिएना ४३ अंश अक्षांशावर, पुणे साडेअठरावर. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो नऊच्या सुमारास आणि निळा उजेड पुढेही रेंगाळतो. गावकरी नटूनथटून फेरफटका मारायला निघतात ते याच सुमारास.

५. गाजलेली चौकट पाहून घ्या, मग पाठ फिरवा.

अब्रुत्सोतल्या स्कान्नो गावाची कथा प्रत्येक फोटोग्राफरला माहीत हवी. १९५१ मध्ये फोटोग्राफर हेन्री कार्तिये-ब्रेसाँ इथे आला. त्यानंतर त्याच दशकाच्या अखेरीस सेनिगाल्लियाचा मारिओ जाकोमेल्ली आला आणि त्याने काळ्या वेशातल्या बायकांमधून चालत येणाऱ्या एका मुलाचा फोटो काढला. तो आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तेव्हापासून लोक त्याच पायऱ्यांवर, त्याच काळ्या वेशाच्या शोधात येत राहिले. तो वेश रोज घालणाऱ्या बायका आता जवळपास उरल्या नाहीत. उरलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईमागे लेन्स घेऊन धावणं मला क्रूर वाटतं.

त्या गावात आज जे जिवंत आहे ते काढा. सोनार अजून तारेचं नाजूक काम करतात. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी कांड्यांवर दोरा खेळवत लेस विणली जाते. जाकोमेल्लीनेही त्याच्या वेळचं जिवंत स्कान्नोच टिपलं होतं.

६. आपल्या मातीतलं काही सोबत असेल तर ते बोला.

त्याच डोंगराळ भागात कोकुल्लो आहे, काहीशे वस्तीचं. १ मे रोजी संत दोमेनिकोंची मूर्ती बाहेर निघते तेव्हा तिच्या अंगाखांद्यावर जिवंत साप सोडतात. साप बिनविषारी असतात. वसंत सुरू झाला की गावातले सर्पारी, म्हणजे साप धरणारे, ते डोंगरातून आणतात आणि सणानंतर जिथून आणले तिथेच सोडतात. सापांनी संतांचे डोळे झाकले तर लोकांना ते बरं वाटत नाही. चर्चमध्ये घंटेची दोरी दातांनी ओढतात, दातदुखी होऊ नये म्हणून.

माझं आजोळ सांगलीकडचं. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी मी ऐकत वाढले. न्यायालयाने जिवंत नागांच्या प्रदर्शनावर बंधनं घातली, त्यावर गावात किती कालवाकालव झाली तेही ऐकलं. एका सर्पाऱ्याला मी मोबाइलवर शिराळ्याचे जुने फोटो दाखवले. त्याने नागाच्या फण्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या आणि मला आपल्या अंगणात घेऊन गेला. मग त्याने त्यांची बाजू सांगितली. सणाआधी सर्पतज्ज्ञ येतात, प्रत्येक सापाची लांबी-वजन मोजतात, खूण करतात, तब्येत बघतात. सण चालू ठेवायला आणि सापांचा अभ्यास व्हायला एकमेकांची मदत झाली आहे. शिराळ्याच्या वादात असं काही करता आलं असतं का, हा प्रश्न घेऊन मी परत आले. त्या दिवसाचा माझा सर्वांत आवडता फोटो मिरवणुकीतला नाही. मोजपट्टीच्या एका टोकाला तज्ज्ञ, दुसऱ्या टोकाला सर्पारी, मध्ये साप, असा तो आहे.

७. सामान.

एक कॅमेरा, ३५ मिमीची लेन्स, जादा बॅटरी. फ्लॅश आणि ट्रायपॉड घरी. शटरचा आवाज बंद. बूट घट्ट पकडीचे, कारण शतकानुशतकं झिजलेला दगड पावसात निसरडा होतो.

८. परवानगीचं नीट समजून घ्या.

सरकारी संग्रहालयांत २०१४ पासून स्वतःसाठी फोटो काढता येतात, फ्लॅश आणि स्टँडशिवाय. पण सांस्कृतिक वारशाच्या वास्तूंची छायाचित्रं धंद्यासाठी वापरायची तर २००४ च्या संहितेनुसार परवानगी आणि शुल्क लागू शकतं. कॅलेंडर छापण्याचा विचार असेल तर हे आधी विचारा. माणसाचा चेहरा छापायला त्याची संमती हवी. सार्वजनिक समारंभाला कायद्यात सवलत आहे, तरी लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय मी कॅमेरा उचलत नाही. गावोगावी ‘प्रो लोको’ नावाची स्थानिक मंडळं असतात, सणांची व्यवस्था बहुधा तीच पाहतात. पोहोचल्या पोहोचल्या तिथे जाऊन भेटा. कुठली गल्ली कधी बंद होणार, कुणाच्या गच्चीवर चढता येईल, हे तिथेच कळतं.

९. फोटो परत पाठवा, कागदावर छापून.

फोटोग्राफर पॉल स्ट्रँडने १९५३ मध्ये इटलीतल्या लुझ्झारा गावात काम केलं ते त्याच गावच्या लेखक चेझारे झावात्तीनीच्या सोबतीने, आणि १९५५ मध्ये दोघांचं पुस्तक आलं. असा गावचा सोबती प्रत्येकाला लाभत नाही, पण आपण काढलेलं गावाला पोहोचवणं आपल्या हातात आहे. स्पेल्लोला मी प्रो लोकोच्या पत्त्यावर पाकीट पाठवलं. पुढच्या खेपेला तिथल्या मुली भेटल्या तेव्हा त्यांनी मागणी केली ती गालिच्यांच्या फोटोंची नव्हती. मांडवाखाली वाकलेल्या आजींचा, पहाटे तीनला कॉफी ओतणाऱ्या काकांचा, झोपून गेलेल्या धाकट्या भावाचा फोटो त्यांना हवा होता, कारण रात्री सगळ्यांचे हात पाकळ्यांत असतात आणि त्यांचे फोटो काढायला कुणी मोकळं नसतं. आता मी निघण्याआधीच प्रत्येक गटाच्या प्रमुखाकडून टपालाचा पत्ता वहीत लिहून घेते आणि छपाईचे पैसे प्रवासाच्या हिशेबातच धरते.