कुंडीतली मिरची पिवळी का पडते?

ताईंनो, मिरची पिवळी पडली की आपण लगेच युरिया टाकतो. कुंडीत तो जरा जास्त झाला तरी मुळं जळतात. म्हणून आधी पान बघा.

1. खालची जुनी पानं पिवळी : नत्र कमी. मूठभर गांडूळखत द्या.

2. वरची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या : लोह कमी. आपल्या लातूर-नांदेडच्या काळ्या मातीत चुना जास्त, म्हणून लोह असूनही झाडाला मिळत नाही. इथं युरियाने गुण येत नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस मिसळून संध्याकाळी फवारा.

3. माती ओली, तरी झाड मलूल : पाणी साचलंय. कुंडीचं भोक मोकळं करा. पुढच्या वेळी दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू भरा.

पुढच्या बैठकीला पिवळं पान घेऊन या, मिळून ओळखू.