तेलाचा डबा

(स्वयंपाक झाल्यावर उरलेले तेल कोठे जाते, याचा विचार आपण फारसा करत नाही. एका मुलीच्या लहानशा आळसामुळे साऱ्या चाळीला कसा त्रास झाला आणि त्यातून ती काय शिकली, ते या पाठात सांगितले आहे.)

भिवंडीत आमची तीन मजली चाळ आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर शिंदेकाकूंचे घर आहे. त्यांच्या शेजारच्या खोलीत रहीमचाचा राहतात. ते संध्याकाळी नाक्यावर भज्यांची गाडी लावतात.

रमजानचा महिना होता. आमच्या घरी इफ्तारसाठी रोज समोसे किंवा भजी तळली जात. रात्री भांडी घासण्याचे काम माझ्याकडे असे. "कढईतले तेल थंड झाले की डब्यात ओत," असे अम्मी रोज सांगायची. पण तेल गाळा, डब्यात भरा, डबा पुसा, याचा मला कंटाळा यायचा. अम्मी नमाज पढायला गेली, की मी कढई सरळ मोरीत उपडी करायची. मटणाच्या रश्श्यावरची चरबीही तिथेच जायची. वरून गरम पाणी आणि साबणाचा फेस सोडला, की मोरी स्वच्छ दिसायची. दिसेनासे झाले म्हणजे संपले, असे मला वाटायचे.

ईदचा दिवस उजाडला. अब्बा आणि भाईजान नमाज पढून आले. आमच्या घरातून शीरखुर्म्याचा पहिला वाडगा दरवर्षी शिंदेकाकूंकडे जातो. तो घेऊन मी खाली गेले आणि दारातच थबकले. काकूंच्या मोरीतून काळे पाणी वर येत होते. ते स्वयंपाकघरभर पसरले होते. पिठाची पिशवी भिजली होती. काकू तांदळाचा डबा उचलून खाटेवर ठेवत होत्या.

"पोरी, आत येऊ नकोस. तुझे नवे कपडे खराब होतील," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने सफाई कामगार आले. त्यांनी अंगणातल्या चेंबरचे झाकण उघडले. त्यांच्या एका हाताचा मोजा फाटलेला होता. बांबूची लांब पट्टी पाइपात घालून ते बराच वेळ ढोसत राहिले. शेवटी त्यांनी हात घालून एक पांढरट गोळा बाहेर काढला. तो साबणाच्या वडीसारखा घट्ट होता. त्यात केस, भाताची शिते आणि चिंध्या अडकल्या होत्या. घाण वास सुटला. सगळे मागे सरकले. ते मात्र तिथेच बसून काम करत होते.

"ही चरबी आहे. कोणीतरी रोज मोरीत तेल ओतते," ते म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा रहीमचाचांकडे वळल्या. "या चाळीत तळणीचा धंदा दुसऱ्या कोणाचा आहे?" एक जण म्हणाला.

चाचा काही बोलले नाहीत. ते खोलीत गेले आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आले. त्यात काळसर तेल होते. "माझे वापरलेले तेल यात असते. डबा भरला की तेल गोळा करणारा माणूस तो घेऊन जातो. मी मोरीत एक थेंबही टाकत नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"डबा काय, कोणीही दाखवील!" कोणीतरी पुटपुटले. चाचांची मान खाली गेली. त्यांच्याही अंगावर ईदचे नवे कपडे होते.

माझ्या घशाला कोरड पडली. मी गप्प राहिले असते, तर कोणालाही कळले नसते. पण चाचांकडे मला पाहवेना. मी पुढे झाले आणि म्हणाले, "तेल मी ओतले. महिनाभर रोज मीच ओतत होते."

क्षणभर कोणीच बोलले नाही. अम्मीचा चेहरा उतरला. मी चाचांची आणि काकूंची माफी मागितली. चाचा म्हणाले, "बेटी, चूक कबूल करायला हिंमत लागते. आता तेलाचे काय करायचे, तेही शिकून घे." त्या दुपारी मी आणि अम्मीने काकूंची फरशी धुऊन दिली.

सुट्टी संपल्यावर मी विज्ञानाच्या सरांना विचारले, "सर, गरम पाण्याबरोबर तेल वाहून जाते ना?"

सर म्हणाले, "थोडे अंतर जाते. साबणामुळे तेलाचे बारीक थेंब होतात आणि ते पाण्यात मिसळल्यासारखे दिसतात. पुढे पाणी थंड होते. मग चरबी आणि वनस्पती तूप पाइपाला चिकटते. तेलातील आम्लांचा कॅल्शियमशी संयोग होऊन साबणासारखा कठीण थर तयार होतो. या थरात कचरा अडकतो आणि पाइप तुंबतो. लंडन शहराच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असाच एक गोळा सापडला. तो सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. तो काढायला कामगारांना कित्येक आठवडे लागले."

"मग उरलेले तेल पुन्हा पुन्हा वापरावे का?" माझ्या मैत्रिणीने विचारले.

"नाही," सर म्हणाले. "तेल वारंवार तापवले, की त्यात शरीराला अपायकारक पदार्थ तयार होतात. अशा पदार्थांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले, तर ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी वापरलेले तेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्यासाठी 'रुको' नावाचा उपक्रम सुरू झाला. जे तेल गटार तुंबवते, त्याच तेलापासून बनलेल्या इंधनावर गाडी धावू शकते."

सरांनी फळ्यावर लिहिलेल्या सूचना मी वहीत उतरवून घेतल्या :

१. तळण्यासाठी लागेल तेवढेच तेल कढईत घ्यावे.
२. तेल पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम तेल प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नये.
३. एकदा तळलेले चांगले तेल गाळून ठेवावे आणि लवकर फोडणीला वापरून संपवावे. काळे, चिकट किंवा वास येणारे तेल खाऊ नये.
४. खराब तेल झाकणाच्या डब्यात साठवावे आणि गोळा करणाऱ्यांना द्यावे. ते कोणाला पुन्हा तळण्यासाठी विकू नये.
५. अशी सोय नसेल, तर थोडे तेल रद्दी कागदात किंवा लाकडाच्या भुशात जिरवून, बांधून कचऱ्यात टाकावे.
६. तेलकट भांडी घासण्यापूर्वी कागदाने पुसावीत.
७. तेल नदीत, विहिरीत किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये.

आता आमच्या मोरीजवळ एक डबा असतो. तो भरला, की मी खाली जाऊन रहीमचाचांच्या मोठ्या डब्यात रिकामा करते. चाळीतल्या आणखी काही घरांतूनही तेल तिथे येऊ लागले आहे.

आणि ईदच्या दिवशी आमच्या घरातून शीरखुर्म्याचे दोन वाडगे एकदमच खाली जातात. एक शिंदेकाकूंकडे आणि एक रहीमचाचांकडे.

शब्दार्थ
मोरी – घरातील धुण्याची, भांडी घासण्याची जागा
थबकणे – एकदम थांबणे
तुंबणे – अडून राहणे, वाट बंद होणे
पुटपुटणे – तोंडातल्या तोंडात बोलणे
अपायकारक – नुकसान करणारे
घशाला कोरड पडणे – भीतीने तोंड सुकणे
चेहरा उतरणे – वाईट वाटणे, निराश होणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शीरखुर्म्याचा पहिला वाडगा कोणाकडे जात असे?
(आ) रहीमचाचा वापरलेले तेल कशात ठेवत?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) सगळ्यांच्या नजरा रहीमचाचांकडे वळल्या.
(आ) तेल वारंवार तापवून वापरू नये.
प्र. ३. "दिसेनासे झाले म्हणजे संपले," हे मुलीचे मत चुकीचे का होते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
प्र. ४. वाक्यांत उपयोग करा : थबकणे, चेहरा उतरणे.
उपक्रम : तुमच्या घरी आठवड्यात किती तेल उरते आणि त्याचे काय करतात, ते घरातील मोठ्यांना विचारून वहीत लिहा.